पत्रूभाऊचा इस्तो

पत्रूभाऊच्या नाकाचं आधी सांगते, कारण तो माणूस तोंडापेक्षा नाकानंच जास्त जगला. डोंगराआड कुठं धूर निघाला की आमच्या छपरीत बसल्या बसल्या तो मान वर करी अन् सांगे, "हा मोहाचा पाला आहे. फुलं वेचासाठी झाडाखालचा पाला जाळून राह्यले लोकं. भिऊ नका." कधी म्हणे, "हा बांबूचा आहे. मी चाललो." अन् कुऱ्हाड खांद्यावर टाकून खरंच चालू लागे. त्याचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत. सिंदेवाहीचा बाजार करून पायी निघालं की रस्ता संपता संपत नसे, तिथं आमचं गाव. गाव सरकारी जंगलाचं. घरं आम्ही बांधलेली, पण जमीन जंगलखात्याची. तिथं राहायचं तर जंगलाचं काम करायचं. लाकूड तोडा, रोपं लावा, उन्हाळ्यात आग राखा. त्या बदल्यात घराघराला धानाच्या चार बांध्या, म्हणजे मातीची पाळ घातलेले तुकडे, कसायला मिळत. काम गेलं की बांध्याही गेल्या. माझे सासरे लाकडाच्या गाड्या हाकत तिथं आले अन् राहिले, म्हणून आमचं कुणब्याचं एक घर, बाकी सारी गोंडांची. पत्रूभाऊचं घर आमच्या भिंतीला लागून. त्याची बायको रुखमा माझ्याहून थोडी मोठी. त्यांच्यात बाई नवऱ्याला सरळ 'तू' म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याचं भारी नवल वाटे. नंतर हेवा वाटे.

पत्रूभाऊ वाचर होता. वाचर म्हणजे उन्हाळाभर जंगलात फिरून आग राखणारा. ज्याला विस्तवावाचून घडीभर करमत नाही, त्यालाच सरकारनं आग राखायला ठेवलं होतं. अन् खरं सांगते, त्याच्याइतका चांगला राखणदार आसपास दुसरा नव्हता.

बिडी त्याला लहानपणापासूनची. चिलम लागली नंतर. बांबू तोडायला टोळीबरोबर लांब गेला होता, तिथं थंडीत कोणीतरी गांजाची चिलम हातात दिली. परत आला तो दोन्ही घेऊन. दोन्ही एकमेकींच्या सोबतिणी. गांजा चिलमीत भरायचा तर बिडी उसवून तिचा तमाखू त्यात मिसळायचा. चिलम विझली की तोंड कडू होतं म्हणून वरून बिडी. बिडी अर्धी झाली की चिलमीची आठवण. असं त्याचं रहाटगाडगं चाले.

एका उन्हाळ्यात तो चिलम ओढून झाडाखाली झोपला अन् पालापाचोळा पेटला. त्यानंच उठून डहाळीनं झोडपून विझवला, पण तोवर एक पट्टा काळा झाला होता. जंगलखात्याचा नाकेदार आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या वरही कोणी होतंच. त्यानं रुखमाच्या दारात उभं राहून सांगितलं, "ह्या वर्षी मी झाकलं. पुन्हा याच्या धुरानं माह्यं जंगल जळलं तर काम बंद, बांध्या बंद, घर खाली करा. मंग मले शिव्या देऊ नोका."

रुखमानं त्या बांध्यांची पाळ स्वतः डोक्यावर माती वाहून घातली होती. नाकेदार गेल्यावर ती घरात गेली, नवऱ्याची चिलम आणली अन् त्याच्या पुढ्यात ठेवली. "तूच सांग," म्हणाली.

पत्रूभाऊनं देवाच्या दगडापुढे जाऊन चिलम आपटून फोडली. शपथ घेतली. सारं गाव खूश. अन् मग गावानं काय केलं, तर त्याला बिड्या दिल्या! जो भेटे तो म्हणे, बिचाऱ्यानं एवढी चिलम सोडली, बिडी तरी ओढू द्या. बिडीला व्यसन म्हणायची रीतच नव्हती. बिडी म्हणजे पानसुपारीसारखी गोष्ट. माझ्या घरच्यांनीसुद्धा अख्खं बंडल त्याच्या हातात ठेवलं.

तो आमच्या छपरीत येऊन बसे. बिडी पेटवी, दोन झुरके छान घेई. बिडी अर्धी झाली की ती उजव्या हातात तशीच राही. डाव्या हाताची बोटं एकमेकांवर घासली जात, रिकाम्या हातात काही मळून राहिल्यासारखी. मग तो नाक वर करी अन् हवेत वास शोधी.

"काय जळते, पत्रूभाऊ?" मी एकदा घाबरून विचारलं.

"काई नाई जळत, वहिनी. हेच तर दुखणं आहे. कुठीच नाई तो वास मले येऊन राह्यला."

"मंग बिडी ठेव न खाली."

"ठेवली की बिडी हाक मारते. उचलली की चिलम हाक मारते." तो हसला, पण डोळ्यांत पाणी होतं. "एक कुत्रं असतं तर बांधून टाकलं असतं. दोन आहेत. एकाले बांधलं की दुसरं भुंकते, अन् ते भुंकलं की पह्यलं दोर तोडते."

"दोन्ही बांध."

"दोर एकच आहे न माह्यापाशी."

त्यानं तेही करून पाहिलं. दोन्ही सोडल्या. मग त्याला अन्न जाईना, झोप येईना. बायकोवर नाही, कोंबड्यांवर ओरडू लागला. कोंबड्या त्याच्या अंगणात यायच्या बंद झाल्या. रुखमा हसून मला म्हणे, "बरं झालं, धान वाळू घालाले जागा मोकळी झाली." पण रात्रीचा तो अंथरुणावर बसून राही, हेही तिनंच सांगितलं. शेवटी एक दिवस बिडी आली. बिडीमागून बाजार आला. बाजारात तेव्हा गांजाचं सरकारमान्य दुकान होतंच. चिलम फोडली होती म्हणून त्यानं पळसाच्या पानाची चोंगी वळून तिच्यात गांजा भरला.

रुखमा म्हणाली, "शपथ घेतली होती न रे?"

"चिलमीची घेतली होती."

"देवाले काय पान अन् माती समजत नाई?"

त्यावर तो खाली मान घालून बसला. त्याची चेष्टा करावी तर त्याच्या तोंडाकडे पाहवत नसे. लबाडी करणारा माणूस असा दिसत नाही.

पानगळ झाली अन् आग राखायचे दिवस आले. नाकेदारानं रिवाजाप्रमाणं साऱ्या वाचरांच्या चकमकी अन् काडीपेट्या जमा करून घेतल्या. तेव्हा रुखमाला एक युक्ती सुचली. पत्रूभाऊजवळ आता विस्तव नाही. विस्तव फक्त घराघरांतल्या चुलीत. तो चुलीतूनच मिळाला नाही तर? बिडी असो, चोंगी असो, पेटणार कशावर?

तुम्हा आजच्या पोरींना सांगायला पाहिजे, त्या दिवसांत काडीपेटी जपून वापरत. चूल विझली तर बाई खापर घेऊन शेजारणीकडे जायची, "माय, इस्तो दे," म्हणायची अन् निखारा घेऊन यायची. इस्तो म्हणजे विस्तव. भांडण असलं, अबोला असला, तरी इस्तो मागितला की द्यायचा. तोंड फिरवून द्या, पण द्या.

रुखमा घरोघर फिरली. हात जोडले. "पावसाळा लागेपर्यंत माह्या नवऱ्याले कोणी इस्तो देऊ नोका. त्यानं पाया पडलं तरी नाई. माह्या बांध्या तुमच्या हातात आहेत." घरातली चूल ती स्वतः राखणार होती, तो आला की राखेखाली झाकणार होती. साऱ्या बायका हो म्हणाल्या. मीही म्हटलं. बाईच्या डोळ्यांकडे पाहून कोण नाही म्हणेल? गावाचा गायता, म्हणजे देवाची पूजा करणारा जाणता म्हातारा सोमाजी, तेव्हा गोंडपिपरीकडे नात्यातल्या लग्नाला गेला होता. तो गावात असता तर हे तिथंच थांबलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रूभाऊ माझ्या दारात. कानावर बिडी, हातात खापराचा तुकडा.

"वहिनी, इस्तो दे."

"चूल विझली, पत्रूभाऊ."

त्यानं आमच्या कौलांतून निघणाऱ्या धुराकडे पाहिलं. नाक वर केलं. "तांदूळ आहे. अन् आज तांदूळ कशावर शिजून राह्यला? सासूच्या रागावर?"

आतून माझी सासू खुदकन हसली. तो पुढच्या घरी गेला. तिथली बाई म्हणाली, चूल ओली आहे. त्याच्या पुढची दारच उघडेना. मी छपरीतून पाहत होते. आधी तो मजेत चालला होता, प्रत्येक दारी काहीतरी टोमणा मारत होता. "आज साऱ्या गावाचा उपास आहे का वं?" असं मोठ्यानं म्हणाला. मग टोमणे थांबले. गावाच्या शेवटच्या घरापासून परत येताना तो हळू चालत होता अन् खापर त्यानं छातीशी धरलं होतं.

रुखमा अंगणात होती. तो तिच्यासमोर उभा राहिला. आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट.

"काय केलं मी?"

"तुह्या भल्यासाठी—"

"मी गाय मारली? कोणाची बायको नेली? जातीबाहेर कुठी जेवलो? गावानं माह्या इस्तो बंद केला, रुखमा."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. साऱ्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या अन् साऱ्यांच्या एकाच वेळी ध्यानात आलं. त्या मुलखात घरोघरचा इस्तो फक्त एकाच माणसाला बंद होतो. ज्याला जातीनं वाळीत टाकलं त्याला. बिडी बंद करायला निघालो अन् माणूसच बंद करून बसलो.

रुखमा धावत आत गेली, स्वतःच्या चुलीतला निखारा चिमट्यात धरून आली. "घे. ओढ. हे घे न रे."

"तुह्या हातानं नाई चालत आता," तो म्हणाला. "गावानं बंद केला तो गावानंच उघडायचा." खापर त्यानं दाराशी ठेवलं अन् जंगलात गेला, आग राखायच्या मचाणीवर. वाळीत टाकलेल्या माणसानं गावाच्या चुलीपाशी बसायचं नसतं, अन् पत्रूभाऊ रीत पाळणारा माणूस. बिडीनं मोडली ती शपथ, पण रीत त्यानं मोडली नाही.

सोमाजीला निरोप गेला. तो येईपर्यंत रुखमा अन् मी मचाणीवर भाकर घेऊन जात असू. ती खाली ठेवून मागं सरायचं, मग तो घ्यायचा. त्याची बायको त्याच्याशी दुरून बोलते हे पाहून मला रडू येई. एके दुपारी गेलो तर तो मचाणीवर नव्हता. खाली वाळलेल्या गवतात बसला होता. दोन पायांत बांबूचं फाटं धरलेलं, त्यावर दुसरं फाटं आडवं घासत होता. घासत होता, घासत होता. तळहात फुटून रक्त आलेलं. बांबूच्या खाचेतून बारीक धूर निघत होता. भोवती सारं जंगल नुसतं वाळून उभं.

रुखमानं भाकर टाकली अन् त्याच्या हातावर झेप घेतली. रीत गेली उडत.

"पत्रू! तू वाचर आहेस रे!"

"मले माहीत आहे," तो म्हणाला. हात थांबले नव्हते. "मले सारं माहीत आहे. मी हातायले सांगून राह्यलो, थांबा. ते ऐकून नाई राह्यले." त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, मले झाडाले बांधा अन् जा."

आम्ही त्याला बांधलं नाही. बांबू नाल्यात टाकला. पण जंगलात बांबूला काय तोटा?

नशीब, दुसऱ्याच सकाळी सोमाजी आला, तो रागानं लाल होऊन. साऱ्या बायकांना देवाच्या दगडापाशी बोलावलं. "चुली तुमच्या हाती आहेत म्हणून गाव तुमच्या हाती आलं का वं?"

रुखमा म्हणाली, "बाबा, मी त्याले वाळीत नाई टाकलं. मी त्याची बिडी बंद केली."

"घरोघर इस्तो नाकारला न? मंग झालं. कायच्यासाठी नाकारला ते कोणी विचारत नसते."

"आता उघडा."

"उघडतो. साऱ्या घरांतून एक एक निखारा येईल. त्याच्यावर चिलम पेटंल. पह्यला झुरका त्याचा, मंग पंचाचा. तेव्हा तो माणसात."

रुखमाला आधी कळलंच नाही, असं तिचं तोंड झालं. मग ती म्हणाली, "चिलम नको. कोंबडा कापते. मोहाची पाजते साऱ्या गावाले. चिलम नको, बाबा."

"पाणी बंद झालं तर ते दारूनं उघडते, बाई. इस्तो धुरानंच उघडते. माह्या बापानं असंच केलं, त्याच्या बापानं असंच."

मी मधे बोलले. खरं तर मी दुसऱ्या जातीची, माझं तिथं काम नव्हतं. म्हटलं, "बाबा, नुसता तमाखू भरा. गांजा नको."

सोमाजीनं विचार केला. म्हातारा दुष्ट नव्हता. "तमाखूच भरू," म्हणाला. आमच्यासाठी तो जेवढं वाकू शकत होता तेवढा वाकला. रुखमा माझ्याकडे पाहून नुसती मान हलवत राहिली. नुसत्या तमाखूनं काय होतं ते आम्ही दोघींनी छपरीत बसून पाहिलं होतं.

पत्रूभाऊला आणलं. त्याची दाढी वाढली होती, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. साऱ्या घरांचे निखारे एका खापरात जमा झाले. ते खापर त्याच्यापुढे न्यायचं काम घरच्या बाईचं. रुखमा ते घेऊन निघाली. वाटेत एकदा थांबली, तेव्हा मला वाटलं आता टाकते खाली. मला वाटतं साऱ्या गावाला वाटलं.

पत्रूभाऊ तिला हळूच म्हणाला, "नको आणू."

"मंग घरी कसा येशील?"

तिनं खापर ठेवलं. सोमाजीनं निखारा चिलमीवर ठेवला, काही पुटपुटला अन् चिलम त्याच्या हातात दिली. पत्रूभाऊनं झुरका घेतला. किती दिवसांनी घेतला! त्याचे खांदे खाली आले, कपाळावरची शीर बसली, हात शांत झाले. लोक ओरडले, कोणीतरी ढोल वाजवला, म्हाताऱ्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवू लागल्या. त्याचं माणसात येणं त्यालाही फार गोड लागलं असणार. चिलम पंचांत फिरू लागली अन् फिरता फिरता त्याच्या समोरून पुढे गेली. तेव्हा मी त्याचं नाक पाहिलं. ते वर झालं होतं अन् हवेत काहीतरी शोधत होतं. माझ्या शेजारी रुखमा उभी होती, तिनंही पाहिलं. पुढचा बाजार भरला तेव्हा तो सिंदेवाहीला गेला, अन् कशाला गेला हे कोणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून रुखमा त्याच्या मागं जंगलात जाऊ लागली. तो पुढे कुऱ्हाड घेऊन, ती मागं पाण्याचा तुंबा घेऊन. तो बसला की ती बसे. त्यानं बिडी टाकली की ती उठून त्यावर पाणी ओतून पायानं चिखल करी. चोंगी विझवली की तिची राख ओंजळीत घेऊन बघे. रात्री तो मचाणीवर झोपला की ती खाली. उन्हानं बाईचं तोंड करपून गेलं. घर मी पाहत होते, तिच्या कोंबड्या माझ्या अंगणात.

एकदा नाकेदार वाटेत भेटला. म्हणाला, "हा वाचर आहे. तू कोण?"

"मी वाचराची वाचर," रुखमा म्हणाली. "मले पगार नोका देऊ."

नाकेदार हसला नाही. तो वाट सोडून बाजूला उभा राहिला अन् दोघांना जाऊ दिलं.

पत्रूभाऊला लाज वाटत नव्हती असं कोणी समजू नये. तो तिला हाकलून द्यायचा, घरी जा म्हणायचा, एकदा रडलासुद्धा. मग घरून खापरात आणलेल्या इस्त्यावर बिडी पेटवायचा. ती तुंब्याचं बूच काढून तयार राहायची. त्या उन्हाळ्यात आमच्या हद्दीत काही जळलं नाही. बांध्या राहिल्या.

रोवण्याच्या दिवसांत मी तिच्या बांधीत मदतीला गेले. गुडघाभर चिखल, वरून झड लागलेली, सारं जंगल भिजून काळं झालेलं. आम्ही दोघी वाकून धानाची रोपं लावत होतो. मी म्हटलं, "आता तरी तुह्यी सुटका झाली, रुखमाबाई."

"हो न," ती म्हणाली. "पानगळीपर्यंत."

पत्रूभाऊ पाळीवर घोंगडी पांघरून बसला होता. ओली बिडी पेटत नव्हती, तो तोंडातल्या तोंडात तिच्याशी भांडत होता. शेवटी पेटली. थोडी ओढून त्यानं थोटूक आमच्या दिशेनं फेकलं. ते पाण्यात पडलं, चुर्र झालं अन् विझलं. रुखमा बोलता बोलता थांबली. हातातली रोपं तशीच धरून ती चिखलातून पाय ओढत तिकडे गेली, वाकली, पाण्यात हात घालून ते थोटूक शोधून काढलं अन् विझलं आहे का ते बोटांनी दाबून पाहिलं.